मूळपेशी आणि वाघमारे सर

कर्वेनगरातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात वाघमारे सर अकरावीच्या जीवशास्त्राच्या तासाला स्टीलच्या डब्यात मळलेली कणीक घेऊन यायचे. कणीक स्वतः मळलेली. "पोळीची नाही, पुरीची आहे. घट्ट," असं जिन्यात भेटेल त्याला सांगायचे. कुणी विचारलेलं नसताना.

मी तिथे मराठी शिकवत होते आणि स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती. सरांचं लाडकं वाक्य एकच, "सिद्ध काय झालंय?" एका निरोपसमारंभात प्राचार्यांनी निवृत्त होणाऱ्या शिक्षकांना 'विद्यार्थिप्रिय' म्हटलं, तेव्हाही मागच्या रांगेतून हेच ऐकू आलं. सत्कारमूर्तींनी नारळ घेतला आणि सरांशी बोलणं सोडलं.

त्या वर्षांत पुण्यात रोज काहीतरी नवीन येत होतं. मुलांचे आईवडील हिंजवडीला नोकरीला जाऊ लागले होते, घरोघरी इंटरनेट आलं होतं आणि पेपरात स्टेम सेलच्या बातम्या छापून यायच्या. सर त्यांना मूळपेशी म्हणत आणि विषय निघाला की त्यांचा आवाज एक पट्टी वर जाई. अभ्यासक्रमात नसलेला हा तास त्यांनी कॉलेज सुटल्यावर ठेवला. तरी अख्खा वर्ग थांबला, म्हणून कुतूहलाने मीही मागच्या बाकावर जाऊन बसले.

सरांनी कणकेचा गोळा उंच धरला. "ही अजून कुणीच नाही. हिची पुरी होईल, पोळी होईल, शंकरपाळीसुद्धा. मूळपेशी अशीच असते." मग दुसऱ्या डब्यातून तळलेली पुरी काढली. "ही मात्र झाली ती झाली. हिची परत कणीक होत नाही. म्हणजे अजून तरी झालेली नाही. पण जगात कुठेतरी कुणीतरी त्या नादाला लागलंच असणार."

मुलं बाकांवर चढायची तेवढी बाकी होती. एकाने पेपरातली जाहिरात आणली होती. कुठल्याशा क्लिनिकची. मणक्याला इजा झालेले रुग्ण पुन्हा चालतील, अशी हमी देणारी. वर्ग एकदम मुग्धाकडे वळला. लहानपणी अपघातात मणक्याला मार बसल्यापासून ती व्हीलचेअरवर होती.

सरांनी जाहिरात वाचून अपेक्षित प्रश्न विचारला आणि समजावलं, की प्रयोग चालू आहेत, आशाही आहे, पण हमी म्हणजे पुरावा नव्हे. ऐकतंय कोण? मुग्धाला सिंहगडावर कधी न्यायचं, इथवर मुलं पोचली होती. मग सरांनाही राहवेना. म्हणाले, "दहा वर्षांत बघ मुग्धा, काय काय होतंय ते."

"सर, दहा वर्षांनंतरचं नंतर बघू," मुग्धा म्हणाली. "तुमची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे. जूनपासून मी एकही प्रॅक्टिकल केलेलं नाही. मैत्रिणींच्या वह्या उतरवून काढते. त्याबद्दल मला कुणी विचारलंच नाही."

सरांनी डब्याचं झाकण लावलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात मुलांची रांग लागली होती आणि सूक्ष्मदर्शक हातोहात खाली येत होते. तळमजल्यावरच्या पाहुण्यांच्या दालनातले करंडक सरांनी खिडकीत सरकवून ठेवले होते. कुणाच्या परवानगीने, असं प्राचार्यांनी विचारलं. अर्ज आपल्या टेबलावर आहे, पण उत्तर येईपर्यंत प्रॅक्टिकलसाठी आणलेली गांडुळं टिकायची नाहीत, असं सरांनी शांतपणे सांगितलं. प्रयोगशाळा तिथेच राहिली. त्याच दिवशी मुग्धाने कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पाहिल्या आणि सरांनी फळ्यावर काढलेली आकृती चुकलीय म्हणून त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला. सर इतके खुश मी कधी पाहिले नव्हते.

आठवड्याने ते माझ्या टेबलाशी आले. "बाई, रविवारी मोकळ्या आहात का? एक खुर्ची उचलायला हात हवाय."

तेव्हा कळलं, की त्यांचा धाकटा भाऊ विजय बांधकामावरून पडला होता आणि सोळा वर्षं व्हीलचेअरवर, घरातच होता. सर अविवाहित, घरात दोघंच. त्यांनी भावाला शहरोशहरीच्या डॉक्टरांकडे नेलं, वैद्यांकडे नेलं. "अहो, अंगारासुद्धा लावला," ते खाली बघत म्हणाले. "मी. सिद्धबिद्ध काही विचारलं नाही. आणि डॉक्टरांखेरीज त्याला कुठे जावंसं वाटतं, हे मात्र परवा पहिल्यांदा विचारलं."

विजय घरी रेडिओ दुरुस्त करायचे. सुटे भाग बुधवार पेठेतल्या एका दुकानात फोनवर सांगायचे आणि सर आणून द्यायचे. विजयना ते दुकान बघायचं होतं.

रविवारी आम्ही रिक्षा करून गेलो. दुकानाला तीन उंच पायऱ्या होत्या. सर खुर्चीला हात घालणार, एवढ्यात विजय खालूनच म्हणाले, "मालक, परवाचा स्पीकर घुमतोय हो."

गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या मालकांनी मान वर केली. "कोण, वाघमारे? फोनवाले?" चष्मा सावरत ते पायऱ्या उतरून खाली आले. मागोमाग कॉइल, व्हॉल्व्ह, डायल असे ट्रेच्या ट्रे फुटपाथवर आले, आणि दोघं जुने दोस्त असल्यासारखे भांडू लागले.

सर जरा बाजूला गेले. मी जवळ गेले तर म्हणाले, "सोळा वर्षं मी इथून नुसते सुटे भाग नेले. फोनवर हा इतकं हसून यांच्याशीच बोलतो, मला माहीत नव्हतं."