प्रश्नचिन्हांची खरी नक्कल

आमच्या दिगंबर अण्णांनी एकदा स्वतःचाच अर्ज स्वतः नामंजूर केला आणि मग आठवडाभर ते स्वतःवरच रुसून बसले होते.

बेलापुरात माझ्या घराला लागून त्यांचं घर. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण कचेरीनं काही त्यांना सोडलं नाही. राहतात एकटेच. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणतात, "प्रस्ताव आला होता. निर्णय प्रलंबित राहिला." टेबलावर तीन पेनं असतात. निळं अर्जदाराचं, लाल कारकुनाचं, हिरवं साहेबांचं. तिघेही अण्णाच. गॅसचं सिलिंडर बदलायचं झालं तरी निळ्यानं अर्ज, लालनं टिपण आणि हिरव्यानं मंजुरी. हिरवं पेन हातात आलं की त्यांचा आवाजही जड होतो. एकदा मी मध्येच काही विचारायला गेलो, तर मान वर न करता म्हणाले, "बाहेर थांबा."

या माणसानं निवृत्तीनंतर गावाची वेबसाइट काढली. मी इथल्या हायस्कुलात संगणक शिकवतो, त्यामुळे साइटचं तांत्रिक बाळंतपण माझ्याकडे आलं. तिच्यावर 'गावची माणसं' नावाचं सदर आहे. प्रत्येक घराला एक पान. घरातलं वडीलधारं माणूस, त्याचा कामधंदा आणि त्याची एक आठवण. अण्णांनी दोन वर्षं सायकलवरून दारोदार हिंडून हे सगळं लिहून आणलं आणि एका बोटानं टाइप केलं. गावात कुणी त्यांना वेडं म्हटलं तर मी भांडायला उठतो, आणि मग घरी येऊन बायकोजवळ तेच म्हणतो.

तर एकदा काष्टीला दिलेल्या गावच्या एका लेकीनं साइटवर अभिप्राय पाठवला. "माहेरचं पान बघून लई बरं वाटलं," एवढं लिहून तिनं हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं, आणि पुढं आणखी बरंच काही. साइटनं त्या चित्रापासून पुढचं सगळं गिळून टाकलं. अण्णा तणतणत आले. "सर, माहेरवाशिणीचं बोलणं मध्येच तुटतंय. जबाबदार कोण?"

मी समजावलं, की संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर याचा एक तक्ता असतो, त्याला एन्कोडिंग म्हणतात. यादीत आधी कोण आणि नंतर कोण हे ठरवतं ते कोलेशन. आपला तक्ता जुना आहे, त्यात ही चित्रं मावत नाहीत. मोठा तक्ता निवडला की झालं. "रविवारी मी येतो, तोवर हात लावू नका."

हात लावायचा नाही हे त्यांना पटलं. बघायला मात्र हरकत नसावी, असं त्यांनी लाल पेनानं लिहून ठेवलं. बघताना त्यांना दिसलं, की साइटची माहिती सात कोष्टकांत आहे, सहांपुढे युनिकोड लिहिलंय आणि एकापुढे चक्क 'स्वीडिश'.

लगेच फोन. "सर, स्वीडन? आपल्या गावातलं कुणी कोपरगावच्या पुढं गेल्याची दप्तरी नोंद नाही!"

मी म्हटलं, ती त्या सॉफ्टवेअरची जुनी खोड आहे. त्या कोष्टकात नुसते आकडे आहेत, असू द्या. पण एका कचेरीत दोन नियम ही गोष्ट अण्णांच्या घशाखाली उतरेना. सगळं एकसारखं हवं. मग कुणी कुणाप्रमाणे बदलायचं? उभी हयात कचेरीत काढलेल्या माणसाकडे या प्रश्नाला एकच उत्तर होतं, सेवाज्येष्ठता. स्वीडिश कोष्टक सगळ्यात आधी तयार झालेलं, म्हणजे ते ज्येष्ठ. बाकीच्या सहांनी त्याच्यामागं जायचं. हिरव्या पेनानं मंजुरी पडली, आणि शनिवारी दुपारी अण्णांनी सहाही कोष्टकं स्वीडिश करून टाकली. प्रत्येक वेळी संगणकानं "नक्की करायचं का?" असं विचारलं, त्याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

स्वीडिश तक्त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. ज्या अक्षराला जागा नाही तिथं तो प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा होतो. रविवारी मी गेलो तेव्हा अख्खं बेलापूर प्रश्नचिन्हात होतं. नावाच्या जागी तेच, धंद्याच्या जागी तेच, आठवणीच्या जागी ओळीच्या ओळी तेच. आणि अण्णांनी काय करावं? आदल्या दिवशीच श्रीरामपूरला जाऊन सगळ्या पानांच्या छापील प्रती काढल्या, पानापानावर 'खरी नक्कल' असा शिक्का मारला, सह्या ठोकल्या आणि गठ्ठा दोरीनं बांधून ठेवला.

"अहो, वाचलं नाहीत?"

"नक्कल करणाऱ्यानं मजकूर वाचायचा नसतो, जुळवायचा असतो. जुळतंय."

जुळत होतं खरं. मला हसू फुटलं.

"तुमच्या मूळ वह्या कुठं आहेत?"

"टाइप झाल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केल्या."

मग मला सांगावंच लागलं, की एकदा प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर परत येत नाही. अण्णांनी गठ्ठा पुढं ओढला. कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत राहिले. "लोकांनी विश्वासानं सांगितलेलं मीच घालवलं," म्हणाले. त्यांचे डोळे भरलेले बघून मला माझ्या हसण्याची लाज वाटली. ज्या कंपनीच्या यंत्रावर साइट ठेवली होती तिला मी लगेच पत्र लिहिलं, जुनी प्रत असेल तर द्या म्हणून.

कंपनी काही बोलेना. इकडे दुसऱ्या दिवसापासून अण्णा नवी वही घेऊन सायकलवर. माफी मागायची आणि पुन्हा लिहून घ्यायचं. एकदा मी सोबत होतो. पारूबाई म्हणाल्या, "मी मिटले व्हय त्यातून? बरं झालं. मागल्या टायमाला सुनंपुढं मोकळं बोलता आलं न्हवतं. बसा, च्या ठिवते." सोपानरावांनी तर सरळ सांगितलं, "अण्णा, मागं काय सांगितलं हुतं ते आमी इसरलो. आता नवं घ्या. हे लई खरं हाय." तासन् तास चालायचं. संध्याकाळी अण्णा पिशवीत कुणाचे पेरू, कुणाची मेथी घेऊन यायचे आणि कुंपणाशी उभं राहून मला सगळं ऐकवायचे.

महिनाभरानं कंपनीचं उत्तर आलं. बदलाच्या आदल्या दिवसाची प्रत त्यांच्याकडे होती. एक बटण दाबलं की सगळी पानं जशीच्या तशी परत. मी पळत अण्णांकडे गेलो. ते टोपी घालून निघण्याच्या तयारीत होते.

सगळं ऐकून घेतलं, पण चेहरा काही खुलला नाही. मग म्हणाले, "जी माणसं आता राहिली नाहीत, त्यांची पानं आजच परत आणा. तिथं मी कुणाला विचारणार?"

"आणि बाकीची?"

"बाकीच्यांची घरं अजून राहिलीत, सर." त्यांनी वही छातीशी धरली होती. "नोकरीत होतो तेव्हा लोक माझ्या टेबलाशी यायचे. कामापुरते, पण यायचे. आता कोण येतं? आणि आपण उगाच कुणाच्या दारात कसं जायचं? मला नुसतं जाऊन बसता येत नाही हो. काही काम लागतं."

मी निघालो. अण्णा पोचवायला फाटकापर्यंत आले नि हळूच म्हणाले, "गावात सांगू नका एवढ्यात."

मी ती प्रत जपून उतरवून ठेवली. गेलेल्या माणसांची पानं त्याच दिवशी साइटवर चढवली. बाकी कुणाला काही बोललो नाही, बायकोलासुद्धा.

गेल्या रविवारी सकाळी अण्णा आमच्याकडे आले. ओसरीवर बसून त्यांनी वही उघडली आणि परक्यासारखं विचारलं, "नाव?" मी पूर्ण नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं, शाळेचं सांगितलं, लहानपणी विहिरीत पडलो होतो ते सांगितलं. अण्णा खाली मान घालून लिहीत होते. साडेबाराला बायकोनं न विचारता त्यांचं पान वाढलं. जेवून उठताना त्यांनी वही पिशवीत घातली, तेव्हा मीच म्हटलं, "अण्णा, अजून माझं लग्नही व्हायचंय यात. पुढच्या रविवारी या."