साहेबांचा हार

अणदूरला व्यंकटच्या लग्नाचा मांडव खचाखच भरला होता, नवरी नटून बसली होती आणि नवरदेव अजून मारुतीच्या पारापाशी वरातीत नाचत होता. तोवर माइक गावच्या कीर्तनकार महाराजांच्या हाती लागला. माइक हाती लागला म्हणजे महाराज काय, सुटलेच!

"बाप्या बाप्यासंगं संसार करतो म्हणतोय! आपल्या आमदार कृष्णराजसाहेबांनी ठणकावून सांगितलंय, असली थेरं आपल्या मातीत चालू देणार न्हाय! अन् ध्यानात ठेवा, माझा शब्द आजवर वाया गेला न्हाय!"

टाळ्या पडल्या. व्यंकटची आत्या विठाबाई पुढच्याच रांगेत मुठीत अक्षतांची रंगीत ज्वारी धरून बसली होती. गेल्या दिवाळीत तिच्या एकुलत्या एक उत्कर्षनं चुलीपुढं बसून सांगितलं होतं, "आई, यज्ञेश नुसता मित्र न्हाय. आमी संसार करतोय." विठाबाईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग एवढंच म्हणाली, "जेवतो का वेळेवर?" राग तिला आलाच नव्हता. पण पोराच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या आपल्याला दिसायच्या नाहीत, हे काळजात रुतून बसलं होतं.

आज दोघंही आले होते. पुण्याची पोरं, नीटनेटकी, म्हणून नवरदेवाच्या बापानं, बब्रुवानरावांनी, त्यांना फेटे बांधून स्टेजवर उभं केलं. काम एवढंच, की आमदारसाहेब आले की उत्कर्षनं साहेबांना आणि यज्ञेशनं महाराजांना हार घालायचा.

धुरळा उडाला, गाड्या आल्या. साहेब स्टेजवर चढले ते घड्याळ बघतच.

"बब्रुवानराव, उमरग्याला अजून एक लगीन गाठायचंय. अक्षता टाकतो अन् निघतो."

"अवो साहेब, नवरदेव अजून..."

"येईल की तो! भटजी, आमच्यापुरतं एक मंगलाष्टक म्हणा."

पोरांनी हार घातले. आता पुढारी हार गळ्यात ठेवतो थोडाच! काढतो आणि घालणाऱ्याच्याच गळ्यात टाकतो, तेवढाच मोठेपणा. साहेबांनी आपला हार उत्कर्षच्या गळ्यात टाकला. मग महाराज मागं राहतात होय? त्यांनी आपला यज्ञेशच्या गळ्यात टाकला.

भटजींनी डोळे मिटून सूर लावला. "शुभमंगल सावधान" ऐकताच सकाळपासून उपाशी बसलेल्या मांडवानं समोर जे दोन फेटे आणि दोन हार दिसले त्यांच्यावर ज्वारी उधळली. साहेबांनी दोन मुठी टाकल्या. महाराजांचे हात रोजच्या सवयीनं त्या दोन फेट्यांवर गेले, आणि तोंडही सवयीनंच बोललं, "जोडा सुखी राहो!" माइक चालू होता. बँडवाल्यांना तेवढी खूण पुरली.

विठाबाई उभी राहिली. अख्खा गाव, आमदार, महाराज, वाजंत्री, आणि मधोमध तिचं पोर, लाजून लाल झालेलं!

"आई तुळजाभवानी, काय गं हे दाखवलंस!" ती पुटपुटली आणि मुठीतली ज्वारी तिनं सगळी, नेम धरून टाकली.

साहेबांच्या गाड्या उमरग्याकडं निघाल्या आणि घामाघूम व्यंकट मांडवात शिरला. "आरं, माझ्याआधी कुणाचं लागलं?"

मांडव हसून लोटपोट झाला. महाराजांचा चेहरा मात्र उतरला. ते खाली उतरून पोराच्या आईजवळ, विठाबाईजवळ आले.

"बाई, गडबडीत तोंडातून गेलं बघा. त्याला काय अर्थ न्हाय."

"असं कसं महाराज? तुमचा शब्द वाया जात न्हाय म्हणालात न्हवं?"

महाराजांनी इकडंतिकडं पाहिलं. चार रांगा कान टवकारून बसल्या होत्या.

"न्हाय... वाया जात न्हाय," महाराज म्हणाले.

"मग झालं तर!"

विठाबाई स्टेजवर चढली. यज्ञेशच्या फेट्यात अडकलेली ज्वारी तिनं हळूच वेचली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"चला रे दोघं," ती म्हणाली, "जेवून घ्या वेळेवर."