काकडीच्या डिपचा राखीव नमुना

भूक ही उतावळी गोष्ट असून तिच्या नादी लागून केलेले काम कधीच नीट होत नाही, हे आता सर्व सुधारलेल्या घरांत मान्य झाले आहे. आमचे घर सुधारलेले आहे. दादा वजनमापे खात्यात निरीक्षक आहे, वहिनी खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, आणि मी धाकटा असल्यामुळे सांगतील ते धरून उभा राहतो.

शनिवारी डॉक्टरांनी बाबांच्या तीन दाढा काढल्या आणि थंड, मऊ असे काहीतरी खायला द्या म्हणून सांगितले. रविवारी सकाळी आठ वाजता बाबांनी गालावर हात ठेवून अर्ज केला. (अर्ज तोंडी होता, लेखी असता तर त्यावर विचार झाला असता.)

"वाटीभर दही दे गं मला."

दही फ्रीजमध्येच होते, चांगले किलोभर. पण वहिनी हळहळली. "नुसतं दही? बाबा, त्यात असतं काय! त्यापेक्षा ग्रीक दह्याचं काकडीचं डिप करू ना घरीच. दोन मिनिटांचं तर काम."

(दोन मिनिटे हा आकडा तिने पाहिलेल्या व्हिडिओतला. व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता.)

ग्रीक दही म्हणजे दहीच. फक्त ते फडक्यात बांधून टांगायचे आणि त्यातले पाणी गळून गेले की त्याच्याशी आदराने बोलायचे. वजन चाळीस टक्के घटेपर्यंत टांगा, असे व्हिडिओतल्या बाईंनी सांगितले होते. दादाने खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे दर दहा मिनिटांनी गाठोडे उतरवून काट्यावर ठेवले. काट्यावर ठेवलेले दही गळत नाही. न गळलेल्या दह्याचे वजन घटत नाही. वजन घटले नाही की पुन्हा टांगणे आले. दुपारपर्यंत चोवीस वेळा वजन झाले, आणि शेवटच्या खेपेस ते बारा ग्रॅमने वाढलेले निघाले. (दादाचे बोट काट्यावर होते, पण निरीक्षकाच्या बोटाची नोंद करण्याची तरतूद नाही.)

काकड्या वहिनीकडे होत्या. काकडी कडू निघू शकते हे लक्षात घेऊन तिने प्रत्येकीचे दोन्ही शेंड्यांकडचे आणि मधले नमुने चाखले. चारपैकी अडीच काकड्या निर्दोष ठरल्या आणि संपल्या. उरलेली दीड किसून, मीठ लावून पिळली आणि तिच्यावर शेपू चिरला. तेल चमचाभरच लागते. ते कोणते, या चर्चेत मात्र नमनालाच घडाभर गेले.

एक वाजता बाबा चमचा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. "झालं का रे?"

"पडा हो तुम्ही," दादा म्हणाला. "मुरायला नको का? असं कच्चंबच्चं देऊ तुम्हाला?"

यातली तळमळ मला आवडली. बाबांवर आमचे प्रेम आहे, हे कोणीही नाकारू शकणार नाही.

चार वाजता डिप तयार झाले. अगदी अप्रतिम. भरून तीन वाट्या झाल्या. पहिली वाटी मीठ, लसूण आणि दाटपणा यांच्या चाचणीत खर्ची पडली. मत तिघांचे, प्रत्येकाचे चार वेळा. दुसरी वाटी फोटोसाठी खिडकीत ठेवली. तिथे वहिनी एकदाच म्हणाली, "बाबा, जरा मागे व्हा ना, सावली पडतेय." उन्हात पाऊण तास काढल्यावर ती वाटी नियमानुसार खाण्यास अयोग्य ठरली. तिसरी वाटी झाकून, चिकटपट्टी लावून, तारीख घालून फ्रीजमध्ये ठेवली. हा राखीव नमुना. डिप खाऊन कोणाला बाधा झालीच, तर तीस दिवसांपर्यंत तपासता आला पाहिजे. चाचणी खाण्यात धरत नाहीत, म्हणजे कोणी खाल्लेच नव्हते, त्यामुळे बाधेचे प्रमाण शून्य टक्के आले. असा निकाल वहिनीच्या प्रयोगशाळेतही आजवर लागलेला नाही.

तेवढ्यात बाबांनी ओट्यावरचे पातेले उचलून तोंडाला लावले. त्यात दह्याचे गळलेले पाणी होते. उभ्यानेच, गाल सांभाळत, त्यांनी ते सगळे संपवले आणि पातेले विसळून पालथे घातले. दादाने नोंद केली : टाकाऊ द्रव, विल्हेवाट समाधानकारक. मला गलबलून आले. पण माझ्या हातात ओले फडके होते आणि ते कुठे ठेवायचे हे मला कोणी सांगितले नव्हते.

फोटो संध्याकाळी सगळ्यांना पाठवला. दोनशे बारा जणांना तो आवडला. एकशे चाळीस जणांनी लसूण किती ते विचारले. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात चमचा धरलेला एक म्हातारा हात आला आहे. तो कोणाचा, हे कोणी विचारले नाही. तुम्हालाही फोटो आला होता. शेपू नसेल तर पुदिना घातला तर चालेल का, असे तुम्ही विचारले होतेत.

चालेल.