राजधानी ते जुने नगर : अकरा रकान्यांची मोहीम

जे तिकीटखिडकीपुढे तिष्ठतात, जे प्रतीक्षायादीत लोंबकळतात आणि जे गाडी सुटल्यावर फलाटावर धावतात, त्या समस्त प्रवासी जनांस बखरकाराचा मुजरा. राजधानीहून जुन्या नगरास कोणत्या वाहनाने जावे, या एका सवालावर एका घराण्यात सव्वीस वर्षे मसलत चालली आणि मग एका रविवारी मोहीम निघाली, तिचे साद्यंत वर्तमान लिहावे, असे फर्मान आम्हांस कोणी दिले नाही. तरी लिहितो. मोठमोठ्या पातशहांनी मुलूखच्या मुलूख पादाक्रांत केले, परंतु निघण्यापूर्वी त्यांस एवढा विचार पडल्याचे कोठे नमूद नाही.

घराण्याचे मुख्य, उमर सदुसष्ट, राजधानीच्या वाहतूक कचेरीत बसगाड्यांची वेळापत्रके आखण्याचे कामी चौतीस वर्षे तैनात होते आणि निवृत्त होऊन आता तेच काम घरी विनावेतन करीत होते. गल्लीने त्यांस तक्तेबहाद्दर ही पदवी बहाल केली होती आणि ती थट्टा आहे, असे त्यांच्या मनास कधी शिवले नाही. वेळापत्रक कसे बनते, हे त्यांस आतून ठाऊक. अंतर घ्यावे आणि त्यास अंदाजाने भागावे आणि मग चालकाच्या चहाची वीस मिनिटे घालावी, आणि साहेबांची मर्जी फिरली तर तीही काढावी. सबब आचारी जसा दुसऱ्याच्या पंगतीत घास हुंगून पाहतो, तसे बहाद्दर कोणतेही वेळापत्रक हुंगून पाहात आणि बाजूस सारीत.

बहाद्दरांची धाकटी बहीण, जिला अठ्ठावन्नावे लागले तरी घरात बेबीच म्हणत, ती पंचेचाळीस कोसांवरील जुन्या नगरी तटबंदीच्या आत, येणाऱ्या पाहुण्यांस कोट फिरवून दाखवण्याच्या चाकरीवर होती. ती दरसाल निरोप धाडी की एकदा येऊन माझी फेरी ऐका. आणि दरसाल बहाद्दर अकरा रकान्यांचा तक्ता काढीत, आणि मग रेल्वेचे ठाणे नगराबाहेर दोन कोस पडते, साधी बस बावीस ठिकाणी थांबते, आरामगाडी आराम देते पण वेळ देत नाही, भाड्याच्या मोटारीचा चालक बोलका निघाला तर कोणी आवरावा, असे एकेक मुद्दे निघत आणि मग हवा बदले आणि मग पुढचे साल उजाडे. बेबी मात्र वर्षातून चार वेळा राजधानीस भावाकडे येऊन जाई. ती कशाने येते, हे विचारण्याचे सव्वीस वर्षांत कोणास सुचले नाही.

ऐसे असता एका सोमवारी तिचा फोन आला. ती म्हणाली, "दादा, रविवारी माझी शेवटची फेरी. सोमवारपासून लोकांच्या कानात यंत्रं घालणार आहेत, ती सांगणार सगळं. अकराला सुरू करते. एकदा तरी ऐक रे." बहाद्दरांनी फोन ठेवला. मग उठले आणि कोरा कागद मागविला.

तेच दिवशी स्वयंपाकघरातील मेजावर दरबार भरला. एके बाजूस बहाद्दरांच्या पत्नी, ज्यांस आम्ही बाईसाहेब म्हणू, त्या भाजी निवडीत बसल्या. दुसरे बाजूस जावईबापू, मोटारीचे धनी, ज्यांस आपल्या फोनातील नकाशाचा एवढा भरवसा की स्नानगृहाची वाटही त्यास विचारून घ्यावी. जावईबापूंनी अर्ज केला की नकाशा दोन तास पाच मिनिटे म्हणतो. बहाद्दरांनी फर्माविले की नकाशाने आयुष्यात कधी रस्ता पाहिला आहे काय, आणि सातव्या रकान्यात पुलाचे काम दाखविले. जावईबापूंनी पुलास वळसा दाखविला. बहाद्दरांनी वळशातील फाटक दाखविले. मग आरामगाडीचा पक्ष कोणी घेईना म्हणून तोही बहाद्दरांनीच घेतला आणि स्वतःच खोडून काढला. मंगळवार गेला, बुधवार गेला, आणि गुरुवारी सावलीची बाजू हा बारावा रकाना घालावा की कसे, यावर जावईबापूंनी हात टेकले.

शनिवारी भाजी निवडून झाली तेव्हा बाईसाहेबांनी हुकूम काढला, तो मुळाबरहुकूम देतो. "मी उद्या सहाच्या साध्या बसनं चालले. ज्याला यायचं त्यानं यावं, नाहीतर बसा आकडे जोडत." दरबार बरखास्त झाला. एकाच घरातून एकाच गावास तीन फौजा तीन वाटांनी जाणार, हा निकाल लागला आणि यास मसलतीचे फळ म्हणतात.

आता पहिली स्वारी. बाईसाहेब सहाच्या बसने निघाल्या, खिडकीशी बसल्या, थोड्या पेंगल्या, नऊ चाळीसला पोहोचल्या आणि नणंदेबरोबर चहा प्याल्या. या स्वारीत लिहिण्याजोगे काहीच घडले नाही, सबब इतिहासात तिला जागा थोडी.

दुसरी स्वारी जावईबापूंची. ते साडेसात वाजता मोठ्या डौलाने निघाले. पुलावर तासभर खोळंबले, तरी नकाशाने धीर दिला आणि नगराच्या वेशीपर्यंत सुखरूप आणले. तेथे नकाशास जवळची वाट सुचली. ती वाट तटाखालच्या एका बोळाची होती, पूर्वी तेथून पाण्याचे गाढव जात असावे, तेही सडपातळ. मोटार निम्मी आत गेली आणि दोहों बाजूंच्या भिंतींत पाचरीसारखी बसली. दारे उघडेनात. जावईबापूंच्या तोंडचे पाणी पळाले आणि ते मागील काचेतून, पाय आधी, ऐसे बाहेर आले. तोपर्यंत पाहुण्यांचा एक जथा जमून मोटारीची छायाचित्रे काढू लागला होता, आणि एका वृद्ध गृहस्थांनी ही कोणत्या काळातली, अशी पृच्छा केली. जावईबापू धावत कोटावर पोहोचले तेव्हा बारा वाजण्यास दहा कमी होते आणि फेरीचा शेवटचा बुरूज तेवढा उरला होता.

आता खाशांची स्वारी. बहाद्दरांनी जावयाच्या मोटारीतील आसन नाकारले, पत्नीच्या बसला तुच्छ लेखले आणि सात दहाची रेल्वे पकडली. गाडी वेळेवर सुटली. जागा खिडकीची, बाजू सावलीची, शेजारी अबोल. ऐसे सर्व ग्रह अनुकूल असता मनुष्याने स्वस्थ बसावे. परंतु स्वस्थ बसेल तो बहाद्दर कसला. वाटेत जंक्शन येत होते, आणि त्यांच्या तक्त्यात नवव्या ओळीस अशी नोंद होती की जंक्शनाबाहेरून आठ पंचावन्नची जलद बस थेट कोटाच्या दरवाजापर्यंत जाते. म्हणजे ठाण्यापासूनचे दोन कोस वाचले आणि बारा मिनिटेही वाचली. साऱ्या तक्त्यात हीच एक नोंद त्यांनी हुंगून पाहिली नव्हती. ती कचेरीच्या जुन्या कागदावरून उतरवली होती आणि त्या कागदावरील अक्षर त्यांचे स्वतःचे होते. आपले अक्षर पाहून कोणास भरवसा वाटत नाही?

बहाद्दर धडधाकट गाडीतून उतरले. गाडी पुढे गेली आणि जुन्या नगरास पाच मिनिटे आधी पोहोचली, हे येथेच लिहून टाकतो.

थांब्यावर रंग उडालेली पाटी होती आणि तीवर आठ पंचावन्न, जलद, असे खरोखर लिहिले होते. आठ पंचावन्न झाले, सव्वानऊ झाले, पावणेदहा झाले. बहाद्दर वाकून रस्ता पाहात आणि सरळ होऊन घड्याळ पाहात. शेजारी चहाची टपरी होती. टपरीवाला इतका वेळ हे पाहात होता, त्याने अखेर विचारले, "कुठली गाडी बघताय काका?"

"आठ पंचावन्नची जलद."

"ती होय? ती पाटीवरच धावते. बावीस वर्षं झाली मला इथं, एकदासुद्धा आली नाही. आठवड्याला एक तरी माणूस फसतो बघा. कोणा शहाण्यानं बसल्या जागी लिहिली असणार."

बहाद्दर खाली बाकावर बसले. त्यांस तो दिवस लख्ख आठवला. कागद सहीस जायचा होता आणि साहेब बोलले होते की जंक्शनाचा रकाना रिकामा दिसतो, बरा नाही दिसत. आणि बहाद्दरांनी, तेव्हा ते नुसतेच कारकून होते, लेखणी उचलून आठ पंचावन्न लिहिले होते, कारण आठ पंचावन्न दिसायला बरे दिसते. चौतीस वर्षे ते दुसऱ्यांच्या लबाड्या शोधत बसले आणि लबाडी घरचीच निघाली. टपरीवाल्याने चहा पुढे केला. बहाद्दरांनी तो घेतला आणि त्याची खरोखरच वीस मिनिटे झाली.

मग टपरीवाल्यास दया आली आणि त्याने साडेदहास एक टेंपो थांबविला. टेंपोत समारंभाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या जुन्या नगरास चालल्या होत्या, वाटेत तीन ठिकाणी उतरवायच्या होत्या. पुढे जागा नव्हती. सबब बहाद्दर पाठीमागे, खुर्च्यांच्या राशीत एक सुटी खुर्ची मांडून, तीवर उलट्या दिशेस तोंड करून विराजमान झाले. सिंहासनावर आरूढ होऊन, आपण कोठून निघालो तिकडे पाहात पाहात, ज्यांनी रणांगणी प्रवेश केला ऐसे सेनापती बखरकारास दुसरे ठाऊक नाहीत. तीनही ठिकाणी त्यांनी खुर्च्या उतरविल्या. मोजल्या मात्र नाहीत, आणि आणखी किती वेळ लागेल हेही विचारले नाही.

कोटाच्या दरवाजापाशी टेंपो थांबला तेव्हा साडेबारा झाले होते. फेरी कधीच संपली होती आणि पाहुणे पांगले होते. बेबी दरवाजाच्या पायरीवर बसली होती, गळ्यातला बिल्ला कोटाच्या खात्यास परत दिलेला. तिच्यामागे दोन इसम खोक्यातून कानयंत्रे काढून ओळीने मांडीत होते. बाईसाहेब तिच्याजवळ बसल्या होत्या आणि जावईबापू मोटार ओढणाऱ्यांची वाट पाहात उभे होते. बहाद्दर उतरले. त्यांजपाशी सांगण्यास पुष्कळ होते, जंक्शनाचे, पाटीचे, साहेबांचे. 

"पाच मिनिटं थांबले होते दादा तुझ्यासाठी," बेबी म्हणाली. "त्याहून जास्त थांबता येत नाही. लोक उन्हात उभे असतात."

ती रागावून बोलली नाही, आणि म्हणून बहाद्दरांस फार लागले. येथे बखरकारासही थट्टा सुचेना, हे प्रांजळपणे नमूद करतो. सव्वीस वर्षे जी हाक मारीत होती, तिला शेवटी कोणापुढे बोलायचे होते, हे या माणसास टेंपोतून उतरेपर्यंत कळले नव्हते.

मग बेबी उठली आणि तिने साडी झटकली. तिचा एक दस्तूर होता. चढ चढून आलेल्यांचा श्वास खाली बसावा म्हणून ती दर फेरीच्या आरंभी पाहुण्यांस एकच प्रश्न विचारी. तोच तिने आता सख्ख्या भावास, अहोजाहो करून, विचारला. "या. लांबून आलात? कसा झाला प्रवास?"

या सवालावर हा मनुष्य एरवी तीन तास बोलला असता. "उशीर झाला," तो म्हणाला. "फार उशीर झाला गं."

"चालेल," बेबी म्हणाली. "कोट कुठं जातोय. डोकं सांभाळा, दरवाजा ठेंगणा आहे."

मग ती पुढे आणि बहाद्दर मागे, ऐसे दोघे आत गेले. तिने त्यांस गवंड्यांनी दगडांवर कोरलेल्या खुणा दाखविल्या, कोणता दगड कोणी बसवला ते मजुरी मागताना कळावे म्हणून कोरलेल्या. पाण्याच्या टाक्याशी नेऊन टाळी वाजवून दाखविली आणि ती सात वेळा परत येते, मोजा, असे सांगितले. बहाद्दरांनी मोजली, आठ भरली. बेबी म्हणाली, आठवी फक्त माणसं कमी असली की ऐकू येते. कानयंत्रवाले दोघे हातातले काम टाकून दाराशी येऊन ऐकत उभे राहिले होते. त्यांच्या यंत्रात आठवी नव्हती.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते झाली. तीन फौजा, सव्वीस वर्षे, एक मोटार भिंतीत, आणि शत्रू कोण होता ते अखेरपर्यंत कोणास कळले नाही. फत्तेचा दाखला खात्याच्या नोंदवहीत आहे. नियमाप्रमाणे प्रत्येक फेरीची नोंद मार्गदर्शकाने करावयाची, आणि बेबीने बिल्ला दिला होता तरी वही अजून दिली नव्हती. तिने उभ्यानेच लिहिले : फेरी जादा. असामी एक. वेळ दीड तास. शेरा, माझा भाऊ आला.

कशाने आला, याचा रकाना त्या वहीत नव्हता.