तोकुमारूची धून

"त्या पोराला मी धून देणार नाही म्हणजे नाही!" गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसलेल्या कुरिमोतोंनी जाहीर केलं आणि हौदातल्या चारही गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. गरम पाण्यात माणूस कशालाही मान डोलावतो.

सार्वजनिक न्हाणीघर हा कुरिमोतोंचा धंदा, पण जीव अडकलेला सारस संघाच्या बेसबॉलमध्ये. त्या हिवाळ्यात सारसांनी तोकुमारूला अस्वल संघाला देऊन टाकलं आणि बदल्यात इबुकी नावाचा पोरगा आणला. तोकुमारू अकरा वर्षं मैदानाचा उजवा कोपरा राखत होता. इबुकीची बॅट लागली तर चेंडू मैदानाबाहेर जायचा, पण लागायची क्वचित. कुरिमोतोंनी हौदाच्या काठावर लाकडी घंगाळी मांडून अख्खा संघ उभा केला होता. तोकुमारूच्या जागी त्यांनी साबणाची वडी ठेवली.

"हा इबुकी. धरायला जावं तर निसटतो. बुडालो आपण!"

खरी अडचण निराळीच होती. सारसांच्या प्रत्येक फलंदाजाची स्वतःची धून असे आणि ती बांधणारे, ट्रंपेटवर वाजवणारे कुरिमोतोच. तोकुमारूची धून तर त्यांच्या काळजाचा तुकडा. तो बॅट घेऊन आला की ती वाजेच, शिवाय आपल्या कोपऱ्यात येऊन उभा राहिला की वाजे आणि तो प्रेक्षकांकडे वळून, टोपी काढून कमरेतून वाके.

"पहिल्या सामन्यापर्यंत इबुकीची धून हवी," नागासेबाईंनी बजावलं. "नसली तर ट्रंपेट दुसऱ्याच्या हातात." बाई वाद्यपथकाच्या प्रमुख आणि पेशाने दातांच्या डॉक्टर. त्यांच्यापुढे तोंड उघडायची सवय सगळ्यांना होती, नाही म्हणायची कोणालाच नव्हती.

ट्रंपेट जाणार म्हटल्यावर कुरिमोतोंची झोप उडाली. दुपारी रिकाम्या हौदात उतरून ते फुंकायला लागले. पण सुरुवात कशीही करा, चार सुरांत गाडी तोकुमारूवर घसरायची.

बायकांच्या बाजूला फरशी घासणारी त्यांची बायको शिझुए भिंतीपलीकडून ओरडली, "अहो, हे तोकुमारूचंच झालं की!"

"इबुकीचं आहे!"

"मग इबुकीलाच सांगा नाव बदलून घ्यायला!"

पहिला सामना नेमका अस्वलांशीच होता. तो दिवस उजाडला तेव्हा कुरिमोतोंकडे धून नव्हती, थाप होती. "तयार आहे," त्यांनी बाईंना ठोकून दिलं. इबुकी पहिल्यांदा बॅट घेऊन आला तेव्हा त्यांना खोकल्याची उबळ आली. दुसऱ्यांदा आला तेव्हा, "बाई, दाढ ठणकतेय हो!"

"आ करा," बाई म्हणाल्या आणि भर मैदानात, पाच हजार लोकांसमोर, त्यांनी टॉर्च काढून दाढ तपासली. "दाढ ठणठणीत आहे. आता वाजवायचं."

नववा, शेवटचा डाव आला. अस्वलं एका धावेने पुढे होती. सारसांचे दोन गडी बाद झाले होते, दोन तळांवर धावायला टपून होते आणि सगळी भिस्त इबुकीवर. पथकाच्या अगदी समोर, उजव्या कोपऱ्यात, अस्वलांच्या तपकिरी कपड्यांत तोकुमारू उभा होता.

नागासेबाईंनी हात पुढे केला. "वाजवा, नाहीतर इकडे द्या."

कुरिमोतोंनी डोळे मिटले आणि जीव खाऊन फुंकलं. निघाली ती तोकुमारूची धून. झाली चूक म्हणून थांबावं, तर मागची पाच हजार माणसंही सवयीने गायला लागली. नावाच्या जागी अर्धे 'इबुकी' ओरडले, अर्धे 'तोकुमारू'.

अकरा वर्षांची सवय एकट्या कुरिमोतोंचीच थोडी होती! कोपऱ्यातला तोकुमारू वळला. त्याने टोपी काढली आणि तो कमरेतून वाकला.

त्याच क्षणी इबुकीची बॅट लागली. उंच, भोळाभाबडा चेंडू. एरवी तोकुमारूने तो जांभई देत झेलला असता. तो त्याच्या पाठीमागे धप्पकन पडला. सारसांचे दोन्ही गडी तळांची फेरी पुरी करून आले, दोन धावा! सारस जिंकले!

लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, पण कुरिमोतो मटकन खाली बसले. आपल्याच तोकुमारूला आपण बुडवलं, याने त्यांना रडूच फुटलं. तेवढ्यात तोकुमारू कुंपणापाशी आला.

"कुरिमोतोसान," तो म्हणाला, "अकरा वर्षांत मी सारसांना एवढा मोठा सामना जिंकून दिला नव्हता बघा!" आणि तो खो खो हसत सुटला. मग टोपी चाचपत म्हणाला, "ती धून त्या पोराला देऊन टाका. माझीच आहे असं वाटलं तर मी परत वाकेन, आणि आमचे लोक मला घरी बसवतील."

नागासेबाईंनी कुरिमोतोंकडे रोखून पाहिलं. "तयार आहे म्हणालात ती धून हीच का?"

"हीच," डोळे पुसत कुरिमोतो म्हणाले आणि ट्रंपेट त्यांनी छातीशी घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघर ओसंडून वाहत होतं. "मी हिवाळ्यापासून सांगतोय," हौदातून कुरिमोतो म्हणाले, "हा बदल लाखमोलाचा आहे!" चौघांनी माना डोलावल्या.

"अहो!" भिंतीपलीकडून शिझुएची हाक आली. "घ्या तुमचा इबुकी!"

आणि भिंतीवरून साबणाची वडी भिरभिरत आली. कुरिमोतोंनी ओल्या हाताने ती अलगद झेलली.