हौसाआक्कांचं रमणीचं लॉज

हौसाआक्का कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी भिंतीवर बोटानं टकटक करतात. मग नळ सोडतात, बंद करतात, पुन्हा सोडतात. खिडकी उघडून बाहेर डोकावतात आणि शेवटी पलंगावर आडव्या होऊन छताकडं बघतात. खोली कुणाची आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. आमच्या कासार आंबोलीत पुण्याच्या एका डॉक्टरांनी बंगला बांधला आणि वास्तुशांतीला सगळ्या गावाला जेवायला बोलावलं. आक्का पाहुण्यांदेखत त्यांच्या नव्या कोऱ्या पलंगावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "डाक्टर, ह्या कोपऱ्यातनं पाणी येणार." ते पाणी अजून आलेलं नाही. आक्का दर पावसाळ्यात जाऊन बघून येतात आणि जरा नाराज होऊन परततात.

याचं कारण धंदा. रस्त्याकडची जमीन विकली गेली तेव्हा मुलानं, म्हणजे बाळूनं, मोठी गाडी घेतली. आक्कांनी आपल्या वाट्याच्या पैशांत खोल्या बांधल्या. पिरंगुटच्या कारखान्यांत काम करणारी माणसं तिथं भाड्यानं राहतात. मीही त्यातलाच. एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरीला आहे आणि बायकोसह वरच्या मजल्यावर राहतो. आक्का भाडेकरूंना नावानं हाक मारत नाहीत. मी 'वरचे', माझी बायको 'वरची', टाकीखालच्या खोलीतला बिहारी फिटर 'टाकीवाला', आणि कोपऱ्यातल्या खोलीत कुणीही आलं तरी ते 'कोपरा'. "कोपऱ्याला ताप आलाय, त्याला पेज देऊन या," असं त्या सहज म्हणतात.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा शब्द. "बोलले ते बोलले," हे वाक्य त्या इतक्या वेळा म्हणतात की गल्लीतली पोरं त्यांची नक्कल करतात. पिरंगुटच्या एका वाण्याशी गुळावरून त्यांचं वाजलं होतं. तुझ्या दुकानाची पायरी चढणार न्हाई, असं त्या तेव्हा बोलून गेल्या. भांडण केव्हाच मिटलं. वाण्याच्या नातीच्या बारशाला आक्कांनी कुंची शिवून दिली. पण पायरी त्या आजही चढत नाहीत. रस्त्यावर उभ्या राहून सामान सांगतात, वाणी खाली आणून देतो, आणि दोघं रहदारीच्या मधोमध सुखदुःखाच्या गप्पा मारतात. मागं बस हॉर्न वाजवत असते.

अशा आक्का एका संध्याकाळी जिना चढून वर आल्या. माझ्या हातात स्वतःचा मोबाइल दिला आणि म्हणाल्या, "वरचे, मला रमणीला जायचंय. ह्या लॉजात खोली बघा."

रमणी हे गाव मला मावळात कुठंतरी असेल असं वाटलं. फोटो बघितला. फिकट पिवळ्या रंगाची, हिरव्या खिडक्यांची एक साधी इमारत, दारात दोन कुंड्या आणि वर परदेशी अक्षरांत पाटी. गाव इटलीतलं निघालं. रिमिनी. समुद्रकाठचं, सुट्टीला लोक जातात तसलं.

मी विचारलं, इटलीतच कशाला. त्या म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांना खोल्या दिल्या. आता मला बी कुणीतरी खोली द्यावी की. काय चुकलं?"

चुकलं काहीच नव्हतं. मग मी आपलं शहाणपण चालवलं. त्याच गावातली दुसरी हॉटेलं दाखवली. एकाला तर समुद्राकडं गॅलरी होती आणि भाडंही कमी. आक्कांनी ढुंकून बघितलं नाही. हेच लॉज. मी त्या हॉटेलला इंग्रजीत मेल लिहायला बसलो आणि आक्का शेजारी बसून प्रश्न सांगू लागल्या. पाणी दिवसभर असतं का? लाइट कुठल्या वारी जाते? गॅलरीत कपडे वाळत घालायला दोरी आहे का, नसली तर आम्ही आणावी का? दाराला आतून कडी आहे का नुसतंच कुलूप? भिंतीला ओल आहे का, खरं सांगावं.

खरं सांगावं, हे इंग्रजीत जरा कडक वाटत होतं. मी ते गाळलं, तर आक्कांनी ते मुद्दाम वाचून दाखवायला लावलं आणि परत घालायला लावलं.

हॉटेलची मालकीण भली बाई असावी. तिनं एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. दोरी आहे. ओल नाही, मागच्या वर्षीच रंग दिलाय. समुद्राकडच्या खोल्या भरल्यात, मागच्या बाजूची छोटी खोली मिळेल, पण तिथून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. आक्का खूश झाल्या. भिंत दिसते हे आपणहून सांगणारी मालकीण त्यांना पहिल्यांदाच भेटली होती.

ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं म्हातारीला खूळ लागलं, कुणी म्हणालं पैसा डोक्यात गेला. भजनी मंडळातल्या बायकांनी काशीचा बेत पुढं केला. "काशीला सगळ्याच जात्यात," म्हणून आक्कांनी तो परत केला. बाळूनं तर ताळतंत्र सोडलं. समुद्रच बघायचा तर ताम्हिणी घाट उतरून दिवेआगरला नेतो, असं तो म्हणाला. मग म्हणाला, तिथल्या बायका किनाऱ्यावर कसल्या कपड्यांत झोपतात ठाऊक आहे का?

"झोपूंदे की," आक्का म्हणाल्या. "मी काय त्यांचं पांघरूण काढाय चाललेय?"

हे सगळं अंगणात चाललं होतं आणि आम्ही भाडेकरू आपापल्या दारांतून ऐकत होतो. बाळूचा आवाज एकदम उतरला. तो म्हणाला, "सुनी तितं हाय म्हणून चाललीस ना तू?"

सुनी म्हणजे सुनीता, आक्कांची धाकटी. ती आहे एवढंच मला माहीत होतं. तिचं नाव त्या घरात कुणी घेत नसे. नंतर माझ्या बायकोनं शेजारणींकडून सगळं ऐकून आणलं. फार वर्षांपूर्वी आक्कांच्या कोपऱ्यातल्या खोलीत हरजीत नावाचा पंजाबी वेल्डर राहत होता. सुनीनं त्याच्याशी लग्न केलं आणि नमस्काराला दारात आली. तेव्हा आक्कांनी याच अंगणात, सगळ्या भावकीसमोर सांगितलं होतं की तुझ्या घराचा उंबरा मी मरेपर्यंत चढणार नाही. हरजीतचा चुलता इटलीत होता. त्याच्या ओळखीनं दोघं तिकडं गेली. सुनी अधूनमधून आईला फोटो पाठवायची. आक्का फोटो बघायच्या, उत्तर द्यायच्या नाहीत. आपण एका हॉटेलात काउंटरवर बसतो, असं तिनं कळवलं होतं. तेच हे हॉटेल.

बाळूला आक्कांनी शांतपणे उत्तर दिलं. "तिच्या घरी न्हाई जाणार. बोलले ते बोलले. मी लॉजवर ऱ्हानार. लॉज काय तिच्या बापाचं हाय?"

"तिच्या बापाचं म्हंजी आपल्या आबांचंच की," बाळू गोंधळून म्हणाला, आणि भांडण तिथंच संपलं. त्यानंतर तो आईशी बोलेनासा झाला.

आक्कांनी मात्र हट्ट सोडला नाही. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आले, त्यांना खोल्याही दाखवल्या, कुणी चांगला भाडेकरू असला तर सांगा म्हणून. व्हिसासाठी मी त्यांना पुण्याला घेऊन गेलो. खिडकीतल्या मुलीनं जाण्याचं कारण विचारलं. "राहायला," आक्का म्हणाल्या. ती मुलगी दचकली. मी घाईनं सांगितलं की थोडेच दिवस, फिरायला. आक्कांनी मला दटावलं. म्हणाल्या, फिरणार न्हाई मी, खोलीतच ऱ्हानार, खोटं कशापायी सांगता? देवाच्या कृपेनं त्या मुलीला हसू आलं आणि व्हिसा मिळाला.

निघायच्या दिवशी आक्का नऊवारी, पायात नवे बूट आणि खांद्याला शबनम अशा तयार होत्या. सुनीला कळवू का, असं मी विचारलं. नको म्हणाल्या. लॉजवर जाताना कुणी सांगून जातं का? बाळू घरात होता, पण बाहेर आला नाही. गाडी मीच ठरवली होती. टाकीवाल्यानं त्यांची बॅग उचलून आत ठेवली आणि वाकून पाया पडला. कोपराही पडला.

विमानतळावर त्यांना चालायला लागू नये म्हणून मी चाकांची खुर्ची सांगून ठेवली होती. ती ढकलणारा माणूस आल्यावर आक्कांचा अपमान झाला. त्यांनी खुर्चीत पिशवी बसवली आणि स्वतः शेजारून चालत, त्या माणसाला गाव विचारत निघून गेल्या. मधे विमान बदलायचं होतं तिथंही म्हणे असंच केलं. पलीकडच्या विमानतळावर मालकिणीनं पाठवलेला गाडीवाला त्यांच्या नावाची पाटी घेऊन उभा होता. त्यानं फोटो काढून पाठवला तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला.

त्यानंतर आक्कांचा फोन नाही. मालकिणीचे दोन ओळींचे मेल यायचे, तेवढ्यावर आम्ही समाधान मानायचो. तुमच्या मॅडम बऱ्या आहेत. तुमच्या मॅडमनी जिन्यातला गळका नळ दाखवून दिला. तुमच्या मॅडम आज समुद्रात उतरल्या, कपड्यांसकट. किनाऱ्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आक्का परत आल्या त्या दिवशी विमानतळावर मी पोचलो, तर बाळू आधीच तिथं येऊन उभा होता. आईच्या हातातली पिशवी त्यानं घेतली. घाटरस्ता नसतानाही अगदी हळू गाडी चालवत घरी घेऊन आला.

चारपाच दिवस अंगणात नुसती वर्णनं चालली. तिथलं पाणी, तिथली पावाची लादी, चहाच्या नावाखाली देतात ते कोमट पाणी. भिंत खरंच कोरडी होती. पलंग मात्र मऊ, पाठ धरली. बायका विचारायच्या, लेक भेटली का? आक्का म्हणायच्या, भेटली की, त्याच गावात असते. आणि परत पावाच्या लादीवर यायच्या.

मग एका सकाळी त्या भाजी निवडत ओट्यावर बसल्या होत्या आणि मी कामावर निघालो होतो. त्यांनी मला थांबवलं. पिरंगुटची बस चुकणार हे दिसत होतं, तरी मी पायरीवर बसलो.

"काउंटरवर न्हाई बसत ती," आक्का म्हणाल्या.

पहिल्या सकाळी दार वाजलं. आक्कांनी उघडलं तर सुनी. अंगात निळा झगा, हातात धुतलेल्या चादरी, मागं झाडू-बादलीची गाडी. ती त्या हॉटेलात खोल्या साफ करत होती. आईला बघून ती तिथंच भिंतीला टेकली. चादरी खाली पडल्या. मग सुनी म्हणाली, आई, मी तुला खोटं सांगितलं.

"मग काय म्हणालात?"

"म्हणलं, ये आत. खोली माझी हाय. भाडं भरलंय."

तिच्या घरी गेलात का, असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. रोज संध्याकाळी हरजीत आणि नात यायची आणि सगळी मिळून किनाऱ्यावर बसायची. जावयाच्या घरापर्यंत आक्का एकदा चालत गेल्या, उंबऱ्याबाहेर थांबल्या. जावयानं खुर्ची बाहेर आणली आणि चहा तिथंच दिला. चहा चांगला होता, हेही त्यांनी सांगितलं.

भाजी निवडून झाली होती, पण त्यांचे हात ताटातच फिरत होते.

"तिला प्रत्येक खोलीला ठरीव येळ असतुया," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात चादर बदलायची, न्हाणी घासायची, फरशी पुसायची. मालकीण भली हाय, पण काम म्हंजी काम. मग मी काय करायची, पहाटंच उठायची. सगळी खोली झाडून पुसून घ्यायची, न्हाणी घासायची, चादर आदल्या दिवशीच मागून ठेवलेली, ती घालायची. ती यायची तवा तिला करायला काय न्हाई."

"म्हणजे तेवढा वेळ बोलणं व्हायचं," मी म्हणालो.

"कुटलं बोलणं? आली की पलंगावर पडायची आन् डोळा लागायचा तिचा. लई दमती हो. मी दारापाशी बसून ऱ्हायची, कुणी येतंय का बघत."

त्यांनी ताट उचललं आणि त्या आत गेल्या.