बखर अधांतरी पेठेतील बांगड्यांच्या दुकानाची

श्री. विघ्न टळो, वीज न जावो, जाळे मध्येच न तुटो. शके एक हजार नऊशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, चैत्रमासी अधांतरी पेठेत भागीरथीबाई कोळपकर यांनी बांगड्यांचे दुकान मांडिले, ते वर्तमान ऐसे जे, ही पेठ ज्या राज्यात वसते ते राज्य जमिनीवर नाही आणि आकाशातही नाही. डोळ्यांस जाडजूड चष्म्याचे शिरस्त्राण बांधावे आणि घरच्या खुर्चीत बसोन तेथे जावे, मग मनास येईल ते रूप घ्यावे. कोणी लोखंडी पुरुष होतो, कोणी आठ हातांची अष्टपादबाई होते, आणि एरवी दोन जिने चढोन धापा टाकणारे तेथे पंख लावोन मिरवितात. आम्ही घुबडाचे रूप घेतले होते. लोकांनी नावे ठेविली, ठेवोत बापडे.

भागीरथीबाई पिढीजाद कासार. कराडास हयातभर बायाबापड्यांचे हात भरिले, आणि मग रस्ता रुंद जाहला आणि दुकान त्यात गेले, आणि बाई दिवसभर भिंतीकडे पाहात बसो लागल्या आणि ताटातले अर्धे टाको लागल्या. तेव्हा सूनबाई वृंदाबाईंनी शिरस्त्राण आणोन सासूबाईंच्या मस्तकी चढविले. बाई वदल्या, "अगं, हे कसलं पातेलं घातलंस डोक्यात?" आणि मग त्या पातेल्यातून संध्याकाळपावेतो बाहेर आल्या नाहीत. त्या राज्यात दुकाने आपोआप चालतात, मालक फिरकतही नाही, गिऱ्हाइकाने इच्छा केली की वस्तू अंगावर चढते. बाईंस हे पटले नाही. त्यांनी दारात बाकडे टाकिले, स्वतः गादीवर बसल्या, आणि गिऱ्हाईक आले की त्याचा हात हाती घेऊन "हात सैल सोड" म्हणावे, आणि मग "माहेर कुठलं गं तुझं?" ऐसे पुसावे, आणि मगच बांगडी चढवावी. समोर बाई असो, बुवा असो, सिंह असो की यंत्र, प्रश्न तोच. पुसल्यावाचोन बाईंची बोटेच चालत नसत.

आता त्या राज्याचा कायदा मोठा कडक. तेथे सारे रूपे बदलोन येतात म्हणोन कोणी कोणास खरे नाव-गाव पुसो नये, पुसेल त्याचे दुकान कायमचे नाहीसे करावे. वृंदाबाईंनी हा नियम सासूबाईंस वाचोन दाखविला होता. बाई म्हणाल्या, "ते परक्यांसाठी असेल. बांगड्या भरताना कोण आलंय परकं?" ऐसे चालिले असता एके दिवशी आग ओकणारा चार पायांचा अजगर पेठेत आला. याने पूर्वी दोन बाजार जाळिले होते. त्याने पंजा पुढे केला आणि बाईंनी तो धरिला आणि माहेर पुसिले. सारी पेठ थरारली, आम्ही तर पंखाखाली डोके घातले. अजगराच्या नाकातोन धूर निघाला आणि तो हळूच वदला, "मिरज. पण तिथलं घर विकलं आम्ही." बाई म्हणाल्या, "घर विकलं म्हणून गाव विकतं होय? जाऊन यावं की." तो अजगर ढसढसा रडला, बाकड्याचा एक पाय जळाला, आणि त्या दिवसापासोन दुकानी रीघ लागली. अष्टपादबाई आठही हात भरीत आणि हातागणिक एकेका मावशीची गोष्ट सांगत. इकडे घरी बाई ताट स्वच्छ करो लागल्या.

समोर चकाकशेट म्हणोन पंखविके होते. दुकानास सोन्याचे खांब, दारी कारंजे, आणि आत माशी नाही. त्यांच्या पोटात दुखो लागले आणि त्यांनी कोतवालाकडे चुगली केली. कोतवाल आले ते नऊ हात उंच, मुख सोन्याचे, हाती हातोडा. तो हातोडा बसला की दुकान होते की नव्हते ऐसे होते. बाई उठोन उभ्या राहिल्या आणि वदल्या, "कोतवालसाहेब, माझं एक दुकान रस्त्यात गेलं. हे गेलं तर तिसरं मांडायचं बळ नाही राहिलं माझ्यात." कोतवाल म्हणाले, "मला वाईट वाटतं, पण नियम आहे. तुम्ही लोकांना गाव विचारलंत की नाही?" बाई म्हणाल्या, "विचारलं. खोटं कशाला बोलू? आणि माझंही सांगते की सगळ्यांना. सासर कराड, माहेर वाई." कोतवालांनी हातोडा उगारिला आणि तो वरच राहिला, आणि सोन्याच्या मुखातोन शब्द निघोन गेला, "वाईत कुठं?"

मग अष्टपादबाई आठही हात वर करोन वदल्या, "कोतवालसाहेबांनी गाव विचारलं हो." चकाकशेट "ते चुकून, ते चुकून" म्हणो लागले, तो अजगराने त्यांच्याकडे नुसते पाहिले आणि ते कारंज्याआड गेले. कोतवाल घाबरे होऊन म्हणाले, "हा चौकशीचा भाग आहे." बाई म्हणाल्या, "असू दे की. मधल्या आळीत. आणि तुम्ही?" कोतवाल बारीक आवाजात वदले, "गंगापुरी. आई तिथंच असते अजून. दिवाळीलाही जमलं नाही यंदा." बाईंनी गादीवर बसकण मारिली आणि म्हणाल्या, "या इकडं. तो हातोडा खाली ठेवा आधी, मनगट ताठतं त्यानं." मग कोतवालांनी हातोडा ठेविला आणि बाईंनी हिरव्या काचेच्या बांगड्या भरिल्या. आणि हात भरोन जाहला की कासारास नमस्कार करावा ही आपल्याकडील रीत कोतवालांनी आईस करिताना पाहिली होती, म्हणोन ते नऊ हात देह मोडोन बाईंपुढे वाकले, आणि वाकताना पाठीमागे चकाकशेटांचा एक खांब पडला. आता जिला नमस्कार केला तिच्या दुकानावर हातोडा कोण घालणार? तेथेच हुकूम सुटला की बांगड्या भरिताना पुसलेले गाव हे पुसलेले धरो नये.

येणेप्रमाणे दुकान राहिले आणि बाई राहिल्या. चकाकशेट हल्ली गिऱ्हाइकास माहेर पुसतात, पण उत्तर येण्याआधी पंखांचा भाव सांगतात, सबब पंख पडोन आहेत. कोतवाल दुसरे दिवशी रजा टाकोन गेले. कोठे गेले ते आम्ही पुसिले नाही. नियम आहे.